कुलपातली डबी

"आई, अकरा वाजेपर्यंत त्या वायफायच्या डबीला कोणाचाही हात लागता कामा नये. वचन द्या."

सुनेने सकाळीच बजावलं आणि सासूबाईंनी वचन दिलं. सुनेला शाळेत संगणक शिकवायची नोकरी हवी होती. मुख्याध्यापिका आणि दोन शिक्षिका पडद्यावरून तिचा पाठ ऐकणार होत्या: वेब म्हणजे काय आणि ते सुरू कसं झालं.

सासूबाईंना भीती एकाच हाताची होती. सासरे दिसेल तो दिवा बंद करत; फ्रीजही त्यातून सुटला नव्हता. म्हणून त्यांनी डबी लोखंडी कपाटात ठेवली, वायरी फटीतून बाहेर काढल्या, दिवे लुकलुकताहेत ना ते पाहिलं आणि कुलूप घालून किल्ली कमरेला खोचली.

साडेदहाला सून रंगात आली. "इंटरनेट म्हणजे रस्ते. वेब म्हणजे त्या रस्त्यांवरून एका पानाचं बोट धरून जगातल्या कुठल्याही पानाकडे जाणं. ज्या यंत्रावर हे सुरू झालं, त्यावर लाल शाईत एक चिठ्ठी होती, की..."

मघापासून लंगडणारं चित्र थांबलं. मुख्याध्यापिका तोंड उघडं ठेवून गोठल्या.

सून धावत बाहेर आली. "बाबा, तुम्ही डबी..."

"मी नाही! मला तर ती सापडलीच नाही," सासरे हिरमुसून म्हणाले.

"कपाटात आहे. सुखरूप," सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

"अहो आई, लोखंडातून सिग्नल येत नाही! किल्ली द्या!"

"अकराला."

"मीच सांगतेय ना!"

"कोणाचाही म्हणालीस. त्यात तूही आलीस, बाळा."

सुनेने हात जोडले, डोळे पुसले. सासूबाईंचाही जीव कासावीस झाला, पण किल्ली निघाली ती अकराच्या ठोक्यालाच. तेवढ्यात फोन वाजला.

"नेमकं चिठ्ठीशी थांबलात!" मुख्याध्यापिका म्हणाल्या. "मुलांची उत्सुकता अशीच ताणायला हवी. आम्ही तिघी इथे तर्क करून थकलो. चार वाजता पुढचं सांगा."

सुनेने फोन ठेवला.

"काय होतं गं चिठ्ठीत?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"हे यंत्र बंद करू नका."

सासूबाईंनी सासऱ्यांकडे पाहिलं. "म्हणजे तिथेही कोणीतरी होतं तर!"

"चारला डबी बाहेरच राहू द्या हं, आई. आणि..."

"कोणाचा हात लागणार नाही."

चारला पाच कमी असताना सासूबाईंनी चपला घातल्या आणि सासऱ्यांचं मनगट धरलं. "चला, फिरून येऊ."

"आत्ता? आणि तुझे गुडघे?"

"पाचपर्यंत," त्या म्हणाल्या आणि कठडा धरून एकेक पायरी उतरू लागल्या.