ऋजुताबाईंनी खिंडीअलीकडे फौज फिरविली त्याची हकीकत

श्रीगजाननास नमन, ग्रामदैवतास नमन, आणि जे वाट चुकतात त्यांसही नमन, कां जे ते न चुकते तर लिहिणारांस उद्योग न मिळता. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, वैशाख मास. ते समयी एका थोर राज्यात उन्हाळी सुटी लागली, आणि राजपुत्र व राजकन्या दिवसभर मोबाइल पाहत लोळू लागल्या, आणि मातापित्यांस चिंता प्राप्त जाहली जे, ही प्रजा पुढे राज्य कैसे चालविणार. मग त्याच राज्यातील सरदार हेरंबराव, जे डोंगरात मुलांची शिबिरे भरवीत आणि प्रत्येक छायाचित्रात दूर क्षितिजाकडे पाहत, त्यांनी डंका पिटविला जे, मुले आमचे स्वाधीन करा, पाठीवर बिऱ्हाड देऊन रानोमाळ हिंडवितो आणि परतताना अंगी नेतृत्व घालून देतो. हे ऐकोन राज्यात बहुत संतोष जाहला. खांबेटे यांची कन्या ऋजुताबाई, दहावीत जाणारी, स्वभावे मवाळ, वर्गात उत्तर येत असताही हात वर न करणारी, तिजला न पुसता तिचे नाव घातले गेले. मातोश्री म्हणाल्या, "जरा धीट होशील. सगळ्याला नुसतं हो म्हणतेस." यावर ऋजुताबाई "हो" म्हणाल्या आणि सॅक भरू लागल्या.

फौज रानी दाखल जाहली. सरदारांनी खडकावर उभे राहोन उपदेश केला जे, "इथे रोज एक जण नायक. त्या दिवशी नायकाचा शब्द शेवटचा. माझा शब्दही त्याच्यापुढे नाही." टाळ्या पडल्या. मग एकेक नायक नेमिले गेले आणि त्यांनी शेवटचे शब्द उच्चारिले, ते ऐसे जे, खिचडीत मीठ किती आणि तंबूचे तोंड कोणीकडे. बाकी सर्व शब्द सरदार स्वतः बोलत. ऋजुताबाईंस जुईली नामे सखी मिळाली. चढणीवर बाई मागे राहिल्या की जुईली बुटाची नाडी बांधण्याचे निमित्त करोन थांबे, आणि तिची नाडी फार वेळा सुटे. मग बाईंची नायकीची पाळी आली. सकाळी खडकातील टाक्यावर बाटल्या भरोन कूच जाहले. सरदार बोलिले, "खिंड ओलांडली की पलीकडे सावलीच सावली." खिंड दिसेना. "ते झाड आलं की खिंड," म्हणाले, आणि झाड आले. "ही डोंगराची सोंड चढलो की खिंड," म्हणाले, आणि सोंड चढोन झाली. खिंड ऐसी मानी जे, फौज पुढे सरे तैसी तीही पुढे सरे. ऊन डोक्यावर आले, बाटल्यांचे तळ दिसू लागले, आणि सकाळपासून थट्टा करणारी जुईली गप्प जाहली, मग लाल जाहली, मग वाटेतच ओकली आणि खाली बसली.

सरदार म्हणाले, "मनाचा खेळ आहे हा. थांबलीस की संपलीस. ऊठ." जुईली उठली, आणि तोल जाऊन तिने बाईंचा हात धरिला. तो हात तव्यासारखा तापला होता. सारी फौज सरदारांकडे पाहत होती आणि सरदार खिंडीच्या दिशेस पाहत होते. तेव्हां बाई सरदारांस म्हणाल्या, "दादा, आपण मागे जाऊ. टाक्यापाशी."

"अगं, खिंड आलीच."

"सकाळपासून येतेच आहे. आज नायक मी आहे ना?"

सरदार हसले. "तो सराव असतो, ऋजुता. खरी वेळ आली की मोठ्यांचं ऐकायचं."

"म्हणजे ही खरी वेळ आहे, हे तुम्हालाही पटलंय."

बाईंनी जुईलीची सॅक उचलोन पोटाशी घेतली आणि टाक्याकडे तोंड फिरविले. मग ओजस नामे दांडगा मुलगा पुढे येऊन म्हणाला, "सॅक इकडे दे, तू तिला धर," आणि फौज वळली. सरदारांनी पुकारिले, "ज्याला खिंड बघायची असेल त्याने माझ्याबरोबर यावं." कोणी गेले नाही, म्हणोन सरदार एकलेच मोहिमेस निघाले. टाक्याशी उंबराच्या सावलीत जुईलीस निजविले, ओले पंचे अंगावर घातले, जेवणाच्या ताटल्यांनी वारा घातला आणि मीठसाखरेचे पाणी घोट घोट पाजिले. ती डोळे उघडीना, तोंवर बाईंच्या मनात एकच विचार फिरत होता जे, मागे फिरू, हे ती गप्प जाहली तेव्हांच म्हणायला हवे होते. बहुत वेळाने जुईली पुटपुटली, "एवढं भिजवलंयस, तर शॅम्पूपण लाव." फौज हसली. बाई उंबराआड जाऊन रडून आल्या.

उन्हे कलती जाहली तेव्हां सरदार परतले. ओठ सुकलेले, सदरा करवंदीने फाडलेला. बाईंनी बाटली पुढे केली. ओजसने पुसले, "खिंड कशी आहे, दादा?" सरदारांनी बाटली रिकामी केली आणि म्हणाले, "तिथे कडा आहे. शाबास सगळ्यांना. मी मुद्दामच ताणलं. बघत होतो, निर्णय कोण घेतं." बाईंच्या जिभेवर पुष्कळ आले, ते त्यांनी गिळिले आणि म्हणाल्या, "उद्या खाली गावात उतरायचं आणि जुईलीला डॉक्टरांना दाखवायचं. आज अजून माझाच दिवस आहे." सरदार "बरं" म्हणाले.

पुढे समारोपाचा दरबार भरला. सरदारांनी भाषण केले जे, मुलांपुढे संकट उभे करणे हीही एक कला आहे, आणि मातापित्यांनी उभे राहोन टाळ्या वाजविल्या, आणि पुढील सालच्या शिबिराच्या जागा तेथेच भरल्या. मातोश्री म्हणाल्या, "सरांच्या पाया पड. केवढं शिकवलं त्यांनी." बाई वाकल्या, आणि उठताना फक्त सरदारांस ऐकू जाईल ऐसे म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मुलांना न्यायच्या आधी ती वाट स्वतः चालून या, दादा." सरदारांनी प्रसन्न मुद्रेने मान हलविली आणि छायाचित्र काढणारास हाक मारिली.

एकंदर हकीकत इतुकी जे, खिंड जिंकिली गेली नाही, विजय सरदारांचे नावे लागला, आणि जुईली आपल्या पायांनी घरी गेली.