उरलेला स्क्रू

पारनेर तालुक्यातल्या त्या दूध डेअरीत सकाळचे ऊन पूर्वेच्या खिडकीतून येई आणि येताना कसलीही घाई करत नसे. आधी ते भिंतीच्या चुन्यावर टेकायचे, मग कॅनच्या झाकणांवरून एकेक पायरी उतरल्यासारखे खाली यायचे, वजनकाट्याच्या थंड पत्र्यावर रेंगाळायचे आणि सर्वांत शेवटी टेबलावरच्या जुन्या लॅपटॉपला स्पर्श करायचे. तोवर साडेसात वाजलेले असत, टँकर दाराशी घुरघुरत असे, आणि निम्मी रांग अजून पावतीची वाट पाहत असे.

वजन आणि फॅट भरून पावत्या काढणारा महेंद्र त्या उन्हाकडे आरोपीने न्यायाधीशाकडे पाहावे तसा पाही.

लॅपटॉप चेअरमन आबासाहेबांच्या पुण्यातल्या भाच्याने वापरून टाकलेला होता. गेल्या महिन्यात दोनदा टँकर उरलेले दूध न घेताच निघून गेला, तेव्हा आबासाहेब म्हणाले होते, "आनखी एकदा दूध मागं राहिलं तर वही सुरू करू. मग तुमचं काय काम राहतंय, तुमीच सांगा."

"प्रोसेसर कमजोर आहे," महेंद्र खाली पाहत म्हणाला होता. "नवा बसवला तर वेग दुप्पट होईल."

त्यानंतर पंधरा दिवस त्याने नीट झोप घेतली नाही. नवा प्रोसेसर तेवढ्याच व्होल्टचा हवा, खाली तेवढ्याच धातूच्या पायांचा हवा, तापणाराही तेवढाच हवा. भाच्याला तीन पत्रे गेली. अखेर काल एसटीच्या कंडक्टरने पेढ्याच्या खोक्यात, कापसात गुंडाळलेला तो इवलासा तुकडा आणून दिला. आबासाहेबांचा हट्ट एकच होता, तो सभासदांदेखत बसवायचा.

सहा वाजता रांग टेबलाभोवती गोळा झाली.

"एवढुसाच हाय व्हय?" बनुबाईंनी कॅन खाली ठेवत विचारले. "ह्यो काय पळनार?"

महेंद्रने लॅपटॉपचे अकरा स्क्रू काढून फॅट तपासणाऱ्या प्रज्ञाच्या तळहातावर ठेवले. झाकण उचलले. जुना प्रोसेसर दिसताच महेंद्र थबकला. त्याने सगळे विचारले होते. जुना निघतो का, एवढेच विचारले नव्हते.

"काय झालं?" प्रज्ञा हलक्या आवाजात म्हणाली.

"पाय खाली शिशानं जोडलेत. निघणारच नाही."

"मग मिटवा पटकन. साडेसहा झाले."

घाईत स्क्रूड्रायव्हर घसरला आणि तर्जनीत घुसला. प्रज्ञाने बोटाला चिंधी बांधली. झाकण कसेबसे बसले, पण टेबलावर एक स्क्रू उरला. ऊन कॅनच्या झाकणांवर आले होते.

"बसला का न्हाई?" आबासाहेबांनी विचारले.

"आबासाहेब, ते..."

"त्यांच्या बोटाला लागलंय," प्रज्ञा म्हणाली. "आज मी भरते."

पारनेरच्या टायपिंग क्लासची परीक्षा ती केव्हाच पास झाली होती. पण कीबोर्ड नाजूक असतो असे सांगून महेंद्रने तिला त्या खुर्चीवर कधी बसू दिले नव्हते. आता ती काट्याकडे पाहत होती आणि तिची दहाही बोटे आपापली चालत होती. पावतीमागून पावती निघाली. एकदा तर प्रिंटरच मागे पडला.

शेवटचा कॅन टँकरवर चढला, तेव्हा ऊन अजून वजनकाट्यावरच होते.

"गुनाचा निघाला गं बाई तुकडा," बनुबाई म्हणाल्या.

महेंद्रला खोटे सोसेना. "नवा बसवलाच नाही. तो खोक्यातच आहे."

आबासाहेबांनी टेबलावरचा स्क्रू उचलून उजेडात धरला.

"म्हंजी ह्योच आडवा येत हुता तर," ते म्हणाले आणि तो जपून कोपरीच्या खिशात टाकला. "बरं झालं काढला. लई शिकलाय पोरगा."

"स्क्रूचीही शक्यता आहे," महेंद्र पुटपुटला.

लोक पांगले. प्रज्ञाने फॅटच्या बाटल्या विसळायला घेतल्या.

"उद्या बोट बरं झालं, की तुम्हीच बसणार?"

त्याने चिंधी बांधलेल्या तर्जनीकडे पाहिले. ऊन आता लॅपटॉपवर आले होते. कीबोर्डवरची अक्षरे स्पष्ट दिसत होती, आणि तरी त्याला ती रोज शोधावी लागत होती.

"नाही," तो म्हणाला.

यंत्र पहिल्या दिवसापासून ठीक होते. महेंद्र एका बोटाने टाइप करत होता.