एकशे चौऱ्याहत्तर डोळे

माणूस वाहन चालवण्यास लायक आहे की नाही, हे त्याच्या वाहन चालवण्यावरून ठरत नाही. ते परवान्यावरून ठरते. परवाना अर्जावरून ठरतो, अर्ज जोडलेल्या कागदांवरून ठरतो, आणि कागद कोणी जोडले यावरून कागद ठरतात. या साखळीत रस्ता कुठेही येत नाही. साखळी आजवर तुटलेली नाही ती त्यामुळेच.

वरवट बकालच्या संजीवनीबाई या साखळीचा अभ्यास करायला निघाल्या नव्हत्या. त्यांना फक्त आपल्या घरी राहायचे होते.

वय एकोणसत्तर. पलीकडच्या गावातल्या शाळेत एकतीस वर्षे विज्ञान शिकवले. रोज अकरा किलोमीटर जाणे, अकरा येणे. आधी लूनावर, मग स्कूटीवर. या काळातले एकूण अपघात एक (बकरी; चूक बकरीची होती आणि ती पुढे बरीच वर्षे जगली). निवृत्ती झाली, यजमान गेले, तेव्हा मुलगा ऋत्विक त्यांना कॅनडात घेऊन गेला. कॅनडा उत्तम देश आहे. तिथे संजीवनीबाईंना पायी जाता येईल असे एक ठिकाणही होते: कचऱ्याचे डबे ठेवायची जागा. बाकी सगळीकडे ऋत्विकच्या गाडीने, ऋत्विकला वेळ असेल तेव्हा, म्हणजे शनिवारी. बाहेरून बल लावल्याशिवाय स्थिर वस्तू हलत नाही, हे त्यांनी पावणेतीन हजार मुलांना शिकवले होते. ती वस्तू आपण स्वतः होऊ, असे मात्र पाठ्यपुस्तकात नव्हते.

दोन वर्षांनी त्या म्हणाल्या, मी परत जाते. ऋत्विकने नाही म्हटले नाही. तो इंजिनिअर आहे. त्याने अट घातली.

"आई, तुझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू सुरू झालाय. तिथे एकटी राहणार, दवाखाना लांब, बाजार लांब. गाडीशिवाय तिथे चालत नाही, हे तूच म्हणतेस. मी सांगून तू ऐकणार नाहीस, तू सांगून मी ऐकणार नाही. मग तिसऱ्याला ठरवू दे. लायसन्स रिन्यू झालं तर राहा. नाही झालं तर घर विकायचं आणि कायमचं इकडे यायचं."

संजीवनीबाईंना ही अट शास्त्रीय वाटली. तटस्थ निरीक्षक, स्पष्ट कसोटी, हो किंवा नाही असे उत्तर. त्यांनी मान्य केले. ऋत्विक त्या दिवशी शांत झोपला, कारण सतरा वर्षे परदेशात राहून त्याची अशी समजूत झाली होती की लायसन्स तपासणी करून देतात. (परदेशवासाने होणाऱ्या आजारांत या समजुतीची नोंद अद्याप झालेली नाही.)

नूतनीकरण आता घरबसल्या होते. घर कोणत्या खंडात असावे याचे बंधन नाही. संजीवनीबाईंनी कॅनडात बसून संगणकावर अर्ज भरला, शेवटचे बटण दाबले आणि ओटीपी गेला. तो कडूबाकडे गेला.

कडूबा हा त्यांचा जुना विद्यार्थी. एसटी स्टँडसमोर त्याचे झेरॉक्स आणि ऑनलाइन कामांचे दुकान आहे. मागच्या खेपेला लायसन्सचा अर्ज त्यानेच भरला होता आणि मोबाइल क्रमांकाच्या रकान्यात, सगळ्यांच्या अर्जांत टाकतो तसा, स्वतःचा क्रमांक टाकला होता. त्यामागे विचार होता. लोकांचे क्रमांक बदलतात, लोकांचे मोबाइल विहिरीत पडतात. कडूबा बदलत नाही आणि विहिरीत पडत नाही. अशा रीतीने अठरा गावांतली अकराशे चाळीस लायसन्स त्याच्या एका क्रमांकाला जोडलेली आहेत. सरकारी नोंदींतून पाहिले तर या भागात एकच मनुष्य राहतो. तो एकाच वेळी बारा ट्रॅक्टर, दोन शाळेच्या बसगाड्या आणि एक रुग्णवाहिका चालवतो, आणि त्याच्याविरुद्ध अद्याप एकही तक्रार नाही.

ओटीपी दहा मिनिटे जगतो. त्या दहा मिनिटांत कडूबा आणि त्याचा मोबाइल एका ठिकाणी असावे लागतात. तो शेतात असला की मोबाइल दुकानात चार्जिंगला असे, आणि तो दुकानात असला की मोबाइल बायकोबरोबर माहेरी गेलेला असे. तीन प्रयत्न चुकले की यंत्रणा एक दिवस बंद होते. संजीवनीबाईंनी अकरा आठवडे वहीत नोंदी ठेवल्या आणि दोघे एकत्र असण्याची संभाव्यता काढली. ती शून्य नव्हती, एवढेच म्हणता येईल. दरम्यान लायसन्सची मुदत संपून वर्ष उलटले. वर्ष उलटले की चाचणी पुन्हा द्यावी लागते. त्यांनी सहा आठवड्यांचे जाण्या-येण्याचे तिकीट काढले आणि गावी आल्या.

"अरे बापा, म्याडम!" कडूबा खुर्चीवरून उठला. "इतक्या दुरून कायले आल्या? वॉट्सॅपवर फोटो धाडला असता तं झालं असतं."

"चाचणी आहे ना आता?"

"हाव, हाय ना. कॅम्पात या, गाडीवर बसा, उतरा. झालं."

"आणि वैद्यकीय प्रमाणपत्र?"

कडूबाने खण उघडला. आत प्रमाणपत्रांचा गठ्ठा होता, डॉक्टरांच्या सही-शिक्क्यासह, वाऱ्याने उडू नये म्हणून वर पंचिंग मशीन ठेवलेले. "नाव टाकाचं राह्यलं फक्त."

"डोळे?"

"थे छापूनच आनले. दोन्ही सिक्स बाय सिक्स."

संजीवनीबाईंनी कागद परत ठेवला. "मी तपासून घेईन."

"काय?"

"डोळे."

कडूबाने खण बंद केला. "हाव," तो आदराने म्हणाला, "पन काऊन?"

डॉक्टरांच्या दवाखान्यातही हाच 'कशासाठी?' शुद्ध भाषेत आला. प्रमाणपत्र हवे म्हटल्यावर डॉक्टरांनी पेन उघडले, तपासा म्हटल्यावर पेन बंद केले आणि काळजीने विचारले, "काय होतंय तुम्हाला?" काही होत नाही, हे त्यांना पटेना. त्यांनी आधी रक्तदाब घेतला. डोळे तपासायचा तक्ता खताच्या कंपनीच्या कॅलेंडरमागे सापडला. तक्ता सहा मीटरवर असावा लागतो आणि दवाखाना चार मीटरचा होता, तेव्हा तक्ता ओसरीतल्या खांबाला टांगून संजीवनीबाई रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. बाकावर बसलेल्या रुग्णांना वाटले, बाईंची परीक्षा चालू आहे. परीक्षेत माणसाने माणसाला जी मदत करायची असते, ती त्यांनी लगेच सुरू केली. "ई, म्याडम, ई! मंग एफ!"

उजवा डोळा चांगला निघाला. डावा तिसऱ्या ओळीपर्यंत गेला आणि थांबला. डॉक्टरांनी लिहिले: दोन्ही उत्तम.

"डावा उत्तम नाही," संजीवनीबाई म्हणाल्या.

"लिहिलं तर अडेल, मॅडम."

"अडू द्या. खरं आहे ते लिहा."

फॉर्मवर 'होय' आणि 'नाही' एवढीच सोय होती. खरे लिहायला जागा नव्हती, म्हणून डॉक्टरांनी ते समासात, तिरके, बारीक अक्षरात लिहिले.

आरटीओचा कॅम्प महिन्यातून एकदा, एका मोकळ्या पटांगणावर भरतो. त्या दिवशी सत्त्याऐंशी उमेदवार होते. निरीक्षक साहेबांनी कागद चाळले. सत्त्याऐंशी माणसांचे एकशे चौऱ्याहत्तर डोळे, त्यांतले एकशे त्र्याहत्तर निर्दोष आणि एक सदोष. सदोष डोळा कॅनडाहून आला होता. या निर्दोष डोळ्यांत पुंजाजीचे दोन होते. पुंजाजीचा डावा डोळा हरभरा काढताना काडी लागून गेला, त्याला सोळा वर्षे झाली. संजीवनीबाईंनी मनातल्या मनात पडताळा घेतला: पटांगणावर प्रत्यक्ष हजर असलेले डोळे एकशे त्र्याहत्तर, आणि कागदावर निर्दोष ठरलेले डोळेही एकशे त्र्याहत्तर. बेरीज चोख जुळत होती. शासनावर आकडे जुळत नाहीत असा आरोप करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

दुचाकीची चाचणी कडूबाच्या मोटारसायकलवर होते. उमेदवाराने बसायचे, पहिल्या गिअरमध्ये वीस पावले जायचे, वळायचे, गाडी पुढच्याच्या हाती द्यायची. त्या गाडीला मार्ग इतका पाठ झाला आहे की एखाद्या वेळी ती एकटीही पास झाली असती. संजीवनीबाईंनी मात्र स्वतःची स्कूटी आणली होती आणि हेल्मेट घातले होते (त्यामुळे काही काळ त्या पटांगणावर तपासणीला आलेल्या वरिष्ठ अधिकारी समजल्या गेल्या आणि त्यांना चहा मिळाला). त्यांनी फक्कीच्या रेषेवरून इंग्रजी आठचा आकडा काढला, पाय न टेकता. वळताना हात दाखवला. शेवटी एक पत्र्याची पाटी होती, तिच्यावर 'थांबा' लिहिले होते. त्या थांबल्या.

ती पाटी लावल्यापासून तिथे कोणी थांबल्याची ही पहिलीच वेळ होती. मागून मोटारसायकलवर पुंजाजी येत होता. तो स्कूटीवर आदळला. मागचा दिवा फुटला, दोघांना खरचटले.

"म्याडम, तुमी दिसल्याच नाई ना मले," पुंजाजी धूळ झटकत म्हणाला. "तुमी माह्या डाव्या बाजूले होत्या."

"अचानक कशाला थांबलात?" निरीक्षक साहेबांनी विचारले.

"तिथे थांबा असं लिहिलंय."

"लिहिलंय हो. पण मागच्याचा विचार करायचा की नाही?"

निकाल संध्याकाळच्या आत लागला. पुंजाजी उत्तीर्ण. संजीवनीबाई अनुत्तीर्ण. कारणे दोन दिली होती: (१) दृष्टिदोष उमेदवाराने स्वतःच कबूल केला आहे, (२) चाचणी चालू असताना मार्गात थांबून अपघातास कारण झाल्या.

त्यांनी ऋत्विकला खरे ते कळवले. तो हळहळला, पण त्याच्या आवाजात समाधान होते. "वाईट वाटून घेऊ नकोस, आई. शेवटी यंत्रणा काम करते, हे चांगलंच आहे ना?" दुसऱ्या दिवशी घर विकत घेऊ पाहणारे एक गृहस्थ टेप घेऊन आले आणि संजीवनीबाईंच्या अंगणाची लांबी-रुंदी मोजून गेले. कढीपत्त्याचे झाड काढावे लागेल, असे ते जाता जाता म्हणाले. परतीच्या विमानाला बारा दिवस होते.

संजीवनीबाई कडूबाच्या दुकानात गेल्या. त्याने न विचारता खणातून एक कागद काढला. नाव आधीच टाकलेले होते.

"हे खोटं आहे, कडूबा."

कडूबाला वाईट वाटले नाही. तो आत गेला आणि एक जाड वही घेऊन आला. दहावीची विज्ञानाची प्रयोगवही. खाकी कव्हर, लाल शाईत नाव. पहिल्याच पानावर: 'प्रमाणित करण्यात येते की सदर विद्यार्थ्याने खालील सोळा प्रयोग स्वतः पूर्ण केले आहेत.' खाली सही. संजीवनीबाईंची.

"हे पाहा म्याडम, भिंगाचं नाभीय अंतर," कडूबाने पान उघडले. "तीन वाचनं. दहा, दहा अन् दहा. भिंग म्या पाह्यलंच नोतं. शायेत एकच होतं, थे कपाटात, अन् चाबी हेडसरापाशी. सगळ्या पोट्ट्यायचं दहाच आलतं."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो कृतज्ञ होता. "तुमी तवा सही केली नसती तं म्या आज बकऱ्या चारल्या असत्या."

संजीवनीबाईंनी वही हातात घेतली. दरवर्षी नव्वद मुले, प्रत्येकी सोळा प्रयोग, एकतीस वर्षे. गुणाकार त्यांनी तोंडीच केला. चव्वेचाळीस हजार सहाशे चाळीस सह्या. सगळी वाचने अचूक, कुठेही चूक नाही, फरक शून्य. अशी अचूकता निसर्गात आढळत नाही. त्या तिरक्या, खऱ्या प्रमाणपत्राची घडी घालून त्यांनी ते पर्समध्ये ठेवले.

"कुठे करू सही?"

"अथी, म्याडम. खाली."

त्या वेळी मोबाइल कडूबाच्या खिशात होता. ओटीपी पहिल्या फटक्यात आला. चाचणी मागच्याच कॅम्पात झाल्याचे नोंदवले गेले, आणि ती खरोखरच झाली होती; फक्त निकाल बदलला. नवव्या दिवशी पोस्टमन लायसन्स घेऊन आला. मुदत पाच वर्षे.

ऋत्विकने लायसन्स आणि प्रमाणपत्र या दोन्ही कागदांचे फोटो मोठे करून बराच वेळ पाहिले. "दोन्ही सिक्स बाय सिक्स? म्हणजे मोतीबिंदू नव्हताच?"

संजीवनीबाईंनी पर्सची चेन ओढून घेतली.

"सरकारनेच तपासलंय म्हटल्यावर मी काय बोलणार," तो म्हणाला. टेपवाले गृहस्थ पुन्हा आले नाहीत. कढीपत्ता जागेवर आहे.

परतीचे विमान त्यांच्याशिवाय गेले, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात संजीवनीबाईंनी खामगावला जाऊन डाव्या डोळ्याचे ऑपरेशन करून घेतले. आता त्या तक्त्याची शेवटची ओळ वाचतात, कोणी न सांगता. म्हणजे प्रमाणपत्र खोटे नव्हते. काही आठवडे लवकर होते, एवढेच. ऑपरेशनची माहिती त्यांनी कडूबाला दिली, तेव्हा तो म्हणाला की याची नोंद कुठे करता येत नाही, कारण सरकारच्या मते त्या डोळ्याला काही झालेलेच नव्हते.

त्या आता रोज गाडी काढतात. वरवट बकाल ते जळगाव जामोद या रस्त्यावर, जेवढे माहीत आहे त्यावरून, डोळे खरोखर तपासलेल्या चालक त्या एकट्याच. समोरून किंवा मागून वाहन येताना दिसले की त्या वेग कमी करतात, कडेला घेतात आणि ते जाईपर्यंत थांबतात. उरलेल्यांविषयी त्यांना माहिती आहे, म्हणून.

मागच्या महिन्यात एका करड्या स्कूटीमागे आपण बराच वेळ हॉर्न वाजवत होतात. पुढे निघताना काच खाली करून, म्हातारपणी घरी बसा, असेही काही म्हणालात. बाईंनी आपल्याला नीट पाहिले, डाव्या डोळ्यानेसुद्धा. आता फक्त एक प्रश्न, आणि उत्तर कोणाला सांगायची गरज नाही. आपले डोळे उत्तम असल्याचे ज्यांनी लिहून दिले, ते डॉक्टर दिसायला कसे आहेत?