लाल्याचं पोस्टर

अमरावती जिल्ह्यात रंग कोनाले समजते, तं मले. दोन हजार पाच साली माह्या छपाईच्या दुकानात येनाऱ्या हरेक गिऱ्हाइकाले मी हेच सांगो. अकोल्याले जाऊन तीन दिवसाचा कोर्स केला होता न मी!

कृषी खात्यातले परवेजसाहेब पऱ्हाटीची, म्हंजे कपाशीची, दोन पानं घेऊन आले. एक निरोगी, एक लाल्या रोगाचं.

"श्रावणभाऊ, याचं पोस्टर काढा. शेतकरी आपलं पान पोस्टरसंग मिळवून पाहीन. लाल्या दिसला की लगेच फवारा. उशीर झाला तं पीक हातचं गेलं. रंग तंतोतंत पायजे."

"साहेब, तुमी घरी जाऊन झोपा."

स्कॅनरचं प्रोफाइल मी बरोबर लावलं. पडद्यावर पानं जशीच्या तशी आली. मंग कम्प्युटरनं इचारलं, रेंडरिंग इंटेंट कोनता? म्हंजे, छपाईत न मावनाऱ्या रंगाचं काय करू? लग्नपत्रिकेले मी नेहमी 'सॅच्युरेशन' लावतो. रंग भडक निंघतात, गिऱ्हाईक खूश. तेच लावलं. हिरवं पान पोपटासारखं झालं अन् लाल पान नवरीच्या शालूसारखं. मले तं लय आवडलं.

पाचशे पोस्टर तिवसा तालुक्यात लागले. माहे सासरे भगवंतराव तिथलेच, चार एकर पऱ्हाटीवाले. जवायानं काढलेलं पोस्टर म्हनून त्याहिनं ते घरातच लावलं.

पंधरा दिवसानं परवेजसाहेब आले, तोंड उतरलेलं.

"कोनीच फवारून नाही राह्यलं. म्हनतात, आमचं पान पोस्टरएवढं लाल कुठं हाय?"

"मंग हिरव्यासंग मिळवा म्हना."

"तेवढं हिरवं पान साऱ्या वऱ्हाडात नाही, बावा."

मले सासऱ्याच्या घरातलं पोस्टर आठवलं. तशीच गाडी काढून सासऱ्याचं वावर गाठलं. चारही एकर तांबूस पडलं होतं, बोंडं वाळली होती.

"मामाजी, फवारा काहून नाही मारला?"

"रोज सकाळी पान मिळवून पाहो, जवाईबापू. म्हनलं, जवाई शिकलेला मानूस हाय, तेवढं लाल तं होऊ द्या."

एवढी लाज मले जिंदगीत वाटली नाही. सांगून टाकलं, चूक माही हाय, रंग मीच भडक केला. ते मले घरी घेऊन गेले, चहा ठेवाले सांगतला.

भितीवर माहं पोस्टर होतं. लाल पानाचा भाग फाडून टाकलेला, हिरवं पान तेवढं ठेवलेलं.

"हे काहून ठेवलं, मामाजी?"

"राहू द्या. यंदा एवढी हिरवी पऱ्हाटी दुसरी कुठं पाहाले भेटते?"

त्या पोस्टरची तारीफ करनारं ते एकच गिऱ्हाईक. मी चहा न पेताच निंघालो.