नांदूरघाट जंक्शनची तबकडी

"रविवारी सकाळी नऊ वाजता इंजिन आपोआप फिरंल! बोट लावणार न्हाई, काडी लावणार न्हाई, फुंकर सुदीक मारणार न्हाई!" मन्मथप्पानं छातीवर हात मारून सांगितलं.

गंगासागरनं भाकरी थापता थापता विचारलं, "अन् न्हाई फिरलं तर?"

"न्हाई फिरलं तर माडीवरचा हॉल तुझा! सगळी रेल्वे गुंडाळून माळ्यावर टाकतो."

बोलून गेला माणूस! आणि गंगासागर शब्द विसरणारी बाई नव्हे.

मन्मथप्पाचं नांदूरघाटच्या पेठेत हार्डवेअरचं दुकान. खिळे, बिजागऱ्या, नळाच्या तोट्या. माणूस साठीचा, कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग आणि डोक्यात रेल्वे. रूळ बघायचे तर इथल्या पोरांना परळी गाठावी लागते. तिथल्या माणसाला हे वेड कावून लागावं? तर पोरगा रवी पुण्याला असतो. त्यानं वाढदिवसाला वीतभर लांबीचं हिरवं इंजिन, चार डबे आणि थोडे रूळ पाठवले, बाप जरा रमेल म्हणून. बाप असा रमला की दोन वर्षांत अख्खा हॉल प्लायवूडनं भरला. बोगदे झाले, पूल झाले, सिग्नल झाले, उसाचा फड झाला. आणि भिंतीलगत मोठ्या अक्षरांत पाटी लागली: 'नांदूरघाट जंक्शन'.

अडचण एकच होती. पलीकडच्या टोकाला रूळ गोल वळून परत यायचे, पण जंक्शनच्या पुढं भिंत. गाडी आली की मन्मथप्पा इंजिन उचलायचा, तोंड फिरवायचा आणि परत ठेवायचा. बघणारी पोरं फिदीफिदी हसायची. खऱ्या रेल्वेत इंजिन फिरवायला मोठं गोल चक्र असतं, तसलं आपल्याला पाहिजेच, असं त्यानं मनावर घेतलं होतं.

गंगासागरचं दुःख वेगळं. उन्हाळा लागला होता, कुरडयांचे दिवस. गल्लीतल्या सात जणींची सावड, आज हिच्या घरी तर उद्या तिच्या. हॉलचं दार थेट गच्चीवर उघडायचं. सावलीत घालाव्यात आणि उन्हात वाळवाव्यात, इतकी सोन्यासारखी जागा! "सहा जणींच्या घरी सावली हाय, अन् आमच्या घरी रेल्वे हाय!" तळपाय भाजून घेत ती म्हणायची. तर असा हा हॉलचा तंटा.

तयार चक्र लई महाग, आणि मागवायचं परदेशातून. पण मन्मथप्पाला आठवला आश्रुबा! तीस वर्षं पंचक्रोशीतल्या लग्नांत लाऊडस्पीकर लावलेला माणूस. डीजे आल्यापासून त्याचा सगळा सरंजाम कोठ्यात पडून होता. त्यात रेकॉर्ड वाजवायची तबकडी होती. गोल हाय, फिरतीय, आणखी काय पाहिजे?

"देतो की," आश्रुबा म्हणाला. "पण मी संसार फोडत नसतो. तबकडी, अ‍ॅम्प्लिफायर, माईक अन् कर्णा. न्यायचं तर अख्खं खटलं न्या."

"कर्णा घेऊन काय करू मी?"

"का बरं? तुमच्या स्टेशनात गाडी आल्याची सूचना न्हाई द्यायची का?"

हे तर सुचलंच नव्हतं! मन्मथप्पानं आश्रुबाला तिथंच मिठी मारली.

मग आठ दिवस गिऱ्हाईक खाली तोट्या मागत उभं आणि मालक माडीवर. तबकडीवर प्लायवूडची गोल चकती बसवली. तिच्यावर मधोमध रूळ गोंदानं चिकटवला. सुईच्या दांडीतून तार नेऊन रुळाला करंट दिला. तेहतीसच्या वेगावर लावली तर दोन सेकंदांत एक गिरकी! वरातीतल्या पोराला शोभंल, इंजिनाला न्हाई. मग पंख्याचा जुना रेग्युलेटर जोडला. एकवर ठेवला की तबकडी जेवून उठलेल्या म्हशीसारखी सावकाश वळायची, आणि अर्धा फेरा झाला की गंगासागरची केसांची क्लिप खाचेत टक् करून अडकायची. रुळाला रूळ बरोबर जुळायचा. वीस वेळा केलं, एकदाही चुकलं नाही. कर्णा गंगासागरनं घरात ठेवू दिला नाही, म्हणून तो गच्चीच्या कठड्यावर बांधला.

एकच गोष्ट राहिली. हा सगळा सराव व्हायचा दुपारी, जेवणानंतर. आणि दुपारी शिवारातल्या तमाम विहिरींवरच्या मोटारी चालू! गावातला करंट पार मेलेला. बल्बात नुसती लाल तार दिसायची, पंखा स्वतःपुरता वारा घालायचा, आणि माईकमध्ये बोललं तर कर्ण्यातून डास गुणगुणल्यासारखं यायचं. मन्मथप्पानं सगळी मापं त्या मेलेल्या करंटावर घेतली. जन्मभर इंचपट्टी घेऊन हिंडलेला माणूस, पण हे माप घ्यायचं त्याच्या काही डोक्यात आलं नाही!

रविवार उजाडला. शेतातली लाईट त्या दिवशी साडेनऊला येणार होती, तोवर सगळा करंट गावाला. गच्चीवर सात जणी कुरडया घालत होत्या. चिकाचं पातेलं सावलीला म्हणून हॉलच्या उंबऱ्यात ठेवलं होतं. मन्मथप्पानं अंघोळ केली, लिंगपूजा केली, इस्त्रीचा सदरा घातला, माईक हातात घेतला आणि घसा खाकरला.

त्या खाकरण्यानं वेशीवरची कबुतरं उडाली!

"प्रवाशांनी लक्ष द्यावे! नांदूरघाट जंक्शनवर पहिली गाडी थोड्याच वेळात येत आहे! कृपया रुळापासून दूर राहावे!"

कर्ण्याखाली बसलेल्या मंजुळाबाईच्या हातून सोऱ्या सुटला. "अगं बया! कोण बोलतंय हे?"

"आमचंच रत्न," गंगासागर म्हणाली. "बोलू द्या. आजचाच दिवस हाय त्यांचा."

आत मन्मथप्पाला वाटलं, आज आवाज बरा उतरलाय. म्हणून त्यानं तीच सूचना तीनदा दिली.

हसू नका, पण रेल्वे येणार, रेल्वे येणार, हे ह्या भागात आज्यानं ऐकलं, बापानं ऐकलं, आता नातू ऐकतोय. हाटेलातली माणसं चहा तसाच ठेवून उठली. न्हाव्याकडं अर्धी दाढी झालेला अभिमन्यू फेसासकट पळत आला. आवाजाच्या रोखानं सगळा जथा मन्मथप्पाच्या जिन्यात घुसला.

"रूळ कुठंय बे?"

"रूळ मागून टाकत्याल! आधी उद्घाटन असतंय."

"माझा तर इश्वासच न्हाई."

"मग पळत कावून आलास?"

"म्हणलं, खरंच आली अन् आपणच न्हाई, तर?"

सत्तरी ओलांडलेले आसारामबापू तर पिशवीत भाकरी-ठेचा बांधूनच आले होते. "मन्मथप्पा, मला परळीला उतरायचंय. वैजनाथाचं दर्शन घेतो. तिकीट इथंच भेटतंय का?"

"बापू, ही खेळण्यातली गाडी हाय हो!"

बापूंनी चष्मा पुसून नीट बघितलं. "मग मला अर्धं तिकीट दे," म्हणाले आणि पुढच्या रांगेत मांडी घालून बसले.

एवढी माणसं मन्मथप्पाच्या लग्नालाही नव्हती. त्याचा ऊर भरून आला. त्यानं बटण दाबलं. गाडी बोगद्यातून निघाली, पूल ओलांडला, फडाला वळसा घातला आणि झोकात जंक्शनला लागली. डबे मागं सुटले, इंजिन एकटंच ऐटीत तबकडीवर चढलं. टाळ्या पडल्या! दारातून गंगासागर बघत होती, तिचीसुद्धा मान थोडी हलली.

"आता बघा! बोट न्हाई, काडी न्हाई!" मन्मथप्पानं रेग्युलेटर एकवर ठेवला आणि तबकडी सुरू केली.

भर्रर्र!

क्लिप सुटली ती थेट कॅलेंडरला जाऊन लागली. इंजिनाचं तोंड एकदा पुण्याकडं, एकदा परळीकडं, मग कुठंच दिसेना, नुसती हिरवी रेघ! "थांबवा!" गर्दीतून आश्रुबा ओरडला. पण कुणी थांबवायच्या आत गोंद सुटला आणि इंजिन रुळासकट उडालं. बापूंच्या टोपीवरून, अभिमन्यूच्या फेसाजवळून, दारातून सरळ... चपाक्! चिकाच्या पातेल्यात!

पातेल्यातून दोन बुडबुडे आले. तबकडी मोकळीच गरगरत राहिली, बटण बंद करायचं कुणालाच सुचलं नाही.

"फिरलं... फिरलं का न्हाई?" मन्मथप्पा बारीक आवाजात म्हणाला. "बोट तर लावलं न्हाई मी."

"फिरलं की! फिरून माझ्या चिकात मुक्कामाला आलं!" भरलेला सोऱ्या हातात घेऊन गंगासागर आत आली. माणसं आपोआप बाजूला झाली. "तीन दिवस गहू भिजवले, पहाटं उठून चीक शिजवला! बस झालं. हॉल खाली करा. आत्ताच्या आत्ता!"

मन्मथप्पानं एकदा पुलाकडं बघितलं, एकदा पाटीकडं. दोन वर्षं रोज रात्री ह्याच हॉलमध्ये तो सगळ्यांत सुखी असायचा. शब्द तर दिलेला होता. त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. ते गंगासागरला दिसलं, आणि तिला आणखीच राग आला, कारण आता तिलाही वाईट वाटायला लागलं होतं!

"रडताय कावून? पहिलं हे भवरं उचला इथून!" तिनं सोऱ्या तबकडीवर रोखला आणि रागारागानं मूठ आवळली.

त्याच घटकेला साडेनऊ वाजले. शिवारात मोटारी सुरू झाल्या, बल्ब लाल झाला, पंखा पेंगला आणि तबकडी आपल्या ठरल्या चालीनं सावकाश वळू लागली. सोऱ्यातून चिकाची शेव सुटली ती तिच्यावर पडली. एक वेढा, दुसरा वेढा, तिसरा... चंद्रासारखी गोल कुरडई!

"अगं बाई!" मंजुळाबाई पुढं आली. "हात न फिरवता?"

गंगासागरनं कुरडईकडं बघितलं. मग ती उचलून तबकडीवर प्लास्टिकचा तुकडा अंथरला आणि पुन्हा सोऱ्या दाबला. दुसरी तशीच. तिसरी त्याहून देखणी. मनगट दुखायचं नाव नाही!

"अहो, जरा दोनवर ठेवा बरं."

मन्मथप्पानं डोळे पुसत दोनवर ठेवलं.

"न्हाई, एकच बरं हाय." तिनं चौथी घातली. मग मान वर न करता म्हणाली, "हॉल राहू द्या तुमच्याकडं. तबकडी माझी."

झालं! नवा चीक शिजला. इंजिन कढत पाण्यानं धुऊन काढलं, तर ते पठ्ठं चाललंसुद्धा. आसारामबापू पिशवीतली भाकरी खात दोन तास बसले आणि परळीला जाऊन आल्याच्या समाधानानं घरी गेले. सात जणींची सावड तेव्हापासून कायमची ह्याच हॉलमध्ये जंक्शनशेजारी भरू लागली, आणि रेग्युलेटर चालवायला मन्मथप्पा. "मन्मथप्पा, जरा हळू!" "मन्मथप्पा, पापणी मिटू नका!" बोगद्याकडं बघायलासुद्धा सवड मिळेना.

आठ दिवसांनी तो गुपचूप आश्रुबाकडं गेला. "आणखी एखादी तबकडी हाय का हो? माझी गाडी अडून बसलीय."

"होती एक. सकाळीच वैनी घेऊन गेल्या."

"आमची? कावून?"

"म्हणल्या, ह्यांच्यासाठी पाहिजे."

मन्मथप्पा तिथंच विरघळला. चाळीस वर्षांचा संसार, पण ही बाई आपल्याला ओळखायची राहूनच गेली म्हणायची! पेठेतून त्यानं मोगऱ्याचा गजरा घेतला, गरम जिलेबी घेतली आणि जिना दोन दोन पायऱ्या करत चढला.

हॉलमध्ये दोन तबकड्या शेजारी शेजारी मांडलेल्या, दोन रेग्युलेटर, आणि मधोमध एक पाट.

"माझ्यासाठी आणलीस?" त्यानं गजरा पुढं केला.

"मग कुणासाठी!" गजरा घेऊन केसांत माळत गंगासागर गोड हसली. "बसा. एक उजव्या हातानं चालवा, एक डाव्या. सात जणी केव्हाच्या खोळंबल्यात!"

मन्मथप्पा मुकाट्यानं पाटावर बसला. जिलेबी मंजुळाबाईनं सगळ्यांना वाटली. मन्मथप्पाचे दोन्ही हात गुंतलेले होते, म्हणून त्याच्या वाट्याची तिनंच खाल्ली.