सुर्वेकाकांचा सावकाश उजेड

सुर्वेकाका कधी थेट बेल वाजवत नाहीत. आधी जिन्यात खोकतात. मग आमच्या पायपुसण्यावर चपला घासतात, गरजेपेक्षा जास्त. मग दाराची कडी एका बोटाने नुसती हलवतात. एवढं करूनही आतून कोणी आलं नाही तरच बेल, आणि तीसुद्धा अशी, की वाजू की नको असं बेलनेच विचारावं.

लग्न होऊन मी रत्नागिरीत आले त्या पहिल्या आठवड्यात हे सगळं ऐकून मी लाटणं घेऊन दारामागे उभी राहिले होते. दार उघडलं तर बाहेर वरच्या मजल्यावरचे काका, हातात रिकामी वाटी. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला, एकटा राहणारा, काटकुळा माणूस. माझ्या हातातलं लाटणं बघून ते अजिबात दचकले नाहीत.

"साखर हवी होती गो," म्हणाले. "पण सावकाश दे. एकदम नको."

'एकदम नको' हा त्यांचा मंत्र. दूध एकदम तापवायचं नाही. पंखा एकदम पाचवर न्यायचा नाही. झोपलेल्या माणसाला हाक मारायची ती आधी शेजारच्या खोलीतून. आणि ह्या मंत्राचं देऊळ म्हणजे त्यांच्या हॉलमधली ती काचेची भलीमोठी टाकी.

त्या टाकीत पोवळी आहेत. दागिन्यांतली नव्हेत, जिवंत. काही फुलांसारखी पसरतात, काहींना बोटं आहेत, ती पाण्यात हलतात. आपल्याकडच्या समुद्रातली पोवळी काढायला कायद्याने बंदी, म्हणून काकांनी ती बाहेरच्या देशातून आलेली, कागदपत्रांसकट, मुंबईच्या व्यापाऱ्याकडून आणली. पाणीही आपल्या समुद्राचं चालत नाही म्हणे, गढूळ पडतं. त्यामुळे मांडवीचा समुद्र हाकेच्या अंतरावर असताना काका घरी बादलीभर शुद्ध पाण्यात पुडीतलं मीठ कालवत बसतात. मिरकरवाड्याहून मासे घेऊन येणारी आमची हसीनाभाभी हे बघून एकदा जिन्यातच खाली बसली होती हसून हसून.

पोवळ्यांना काका 'मंडळी' म्हणतात. "मंडळी अजून उठायचीत." "मंडळी आज जरा रुसलीत." ह्या मंडळींना उजेड लागतो, पण तोही एकदम चालत नाही. म्हणून टाकीवरच्या एलईडी दिव्यांना काकांनी एक स्वयंचलित यंत्रणा बसवली. फरसाणाच्या डब्यात बसवलेला एक छोटा कंट्रोलर, त्यात घड्याळ, त्यातून दिव्यांकडे गेलेल्या रंगीत वायरी. सकाळी आधी निळा उजेड, असेल-नसेल इतका. मग हळूच पांढरा त्यात मिसळतो. दुपारी लख्ख ऊन. मग उलटा प्रवास, आणि शेवटी चांदण्यासारखं काहीतरी. सगळं आपोआप.

सगळ्यात जास्त काळ काका झगडले ते वीज जाण्याशी.

"गेली तर गेली गो. तिचं काही नाही. ती परत येते ना, ती एकदम येते. ते वाईट."

वीज आली की कंट्रोलर आधी पूर्ण ताकदीने दिवे पेटवायचा आणि मंडळी अंग आक्रसून घ्यायची. काकांनी त्यावर असा तोडगा काढला, की वीज कधीही येवो, दिवा पुन्हा तळापासूनच चढेल. तो जमला त्या दिवशी त्यांनी अख्ख्या इमारतीला खरवस वाटला.

मग त्यांनी तीच शिस्त घरातल्या सगळ्या दिव्यांना लावली. माझे सासरे एकदा त्यांच्याकडे गप्पा मारायला गेले असताना बाथरूमला गेले. परत आले ते भिंत चाचपडत. "माझं आटपलं तरी तुमच्या दिव्याचं अजून चाललंय," म्हणाले.

इथवर हसण्यासारखं होतं. पण काका वाईट बातमीही अशीच सांगायचे. मागे एकदा वादळी वाऱ्यात आवारातला माड खालच्या पाटकरांच्या नव्या गाडीवर पडला. काका त्यांच्याकडे गेले, पाणी मागितलं, प्यायले.

"पाटकर, तुमच्या गाडीचा आरसा कसा आहे?"

"उत्तम आहे की."

"होता."

मग आरशावरून दारावर, दारावरून काचेवर. टपापर्यंत पोचले तेव्हा पाटकर ओरडून म्हणाले, "अहो, चाकं तरी आहेत का?" तर काका, "चाकं आहेत. चाकांचं काही नाही." सगळ्या इमारतीत हा किस्सा झाला. कोणाचं काही हरवलं की आम्ही म्हणायचो, "होता."

ह्या पावसाळ्यानंतर तो फरसाणाचा डबा जळाला. कसलीशी पाल आत शिरली. नवीन सामान चिपळूणच्या एका दुकानात मिळणार होतं. माझा नवरा मंदार सावर्ड्याला कॉलेजात शिकवतो, रोज एसटीने जातो. तो म्हणाला, "काका, मी उद्या मोटरसायकल नेतो. कॉलेज सुटलं की पुढे चिपळूणला जाऊन घेऊन येतो."

"घाई नाही रे," काका म्हणाले. पण त्यांना घाई होती. डब्याशिवाय दिवा एकतर बंद, नाहीतर पूर्ण. काकांनी मच्छरदाणीचे तुकडे कापून दिव्याखाली एकावर एक पसरले होते. सकाळी एकेक तुकडा काढायचा, दुपारी सगळे काढायचे, संध्याकाळी एकेक परत घालायचा. दिवसभर त्यांना टाकीपासून हलता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी रजेवर होते. दुपारी बांगड्याच्या आमटीसाठी खोबरं वाटत होते, पातेलं गॅसवर होतं. जिन्यात खोकला ऐकू आला. मग चपला. माझे हात भरलेले, म्हटलं घासू देत जरा. कडी हलली. बेल वाजली.

काका आत आले. नेहमी ते दारातच बोलतात. आज आले ते स्वयंपाकघरात आणि ओट्याजवळच्या पाटावर, माझ्या पायाशी बसले. गॅसकडे बघितलं. हात लांब करून गॅस बंद केला.

"वैशाली," म्हणाले, "मंदारची मोटरसायकल कशी आहे गो?"

दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, बरी आहे, का हो? पण हे सुर्वेकाका होते. माझ्या हातातलं वाटण खाली पडलं. आरशापासून टपापर्यंत किती पायऱ्या होत्या ते मला ठाऊक होतं, आणि ह्या माणसाने पहिल्या पायरीवर पाय ठेवला होता.

"काका, काय झालं?"

"सांगतो. एकदम नको."

"काय झालं ते सांगा!"

"गाडीचा पुढचा दिवा..."

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. म्हातारड्या, असं काहीतरी नक्की म्हणाले. पाटकरांची बायको वर धावत आली इतकं. आमटीचं पातेलं मी उचललं होतं आणि ते काकांच्या डोक्यावर धरलं होतं, हे मला तिने नंतर सांगितलं.

काका हलले नाहीत. पातेल्याखाली बसून त्यांनी वर माझ्याकडे बघितलं.

"तो बोलतोय," म्हणाले. "मी स्वतः बोललोय त्याच्याशी. पायाचं हाड मोडलंय, खांद्याला लागलंय. शुद्धीवर आहे. आमटी कसली आहे विचारत होता. खाली गाडी उभी आहे, पाटकर नेतायत आपल्याला. आता पातेलं ठेव."

मंदारच्या फोनवर शेवटचा लावलेला नंबर काकांचा होता, म्हणून अपघातानंतर त्याला उचलणाऱ्या लोकांनी तो फिरवला. काकांनी त्यांना सोडलं नाही. मंदारला सावर्ड्याच्या इस्पितळात नेईपर्यंत ते फोनवर होते, तिथल्या नर्सला मंदारच्या कानाला फोन लावायला लावला, त्याचा आवाज ऐकला, पाटकरांना गाडी काढायला सांगितली आणि मगच जिन्यात येऊन खोकले.

सावर्ड्यापर्यंतच्या रस्त्यात मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. महामार्गावर जागोजाग खोदलेलं. प्रत्येक वळणावर मला वाटायचं, ह्या माणसाने मला सगळं सांगितलंच नसेल, अजून पायऱ्या शिल्लक असतील. पुढच्या सीटवर बसलेले काका मधेच मागे वळायचे, माझं तोंड बघून पुन्हा पुढे बघायचे. एकदा पाटकरांना हळू म्हणाले, "माझ्या सामानासाठी गेला हो तो."

शिल्लक काही नव्हतं. मंदार होता, प्लास्टरमध्ये, सुजलेला, पण होता. त्याला बघितल्यावर मी भिंतीला टेकून खाली बसले आणि काका पाणी आणायला गेले. ते रात्रभर बाहेरच्या बाकावर होते.

दुसऱ्या दिवशी मंदारचा भाऊ मुंबईहून आला, तेव्हा कपडे आणायला काका आणि मी घरी परतलो. इमारतीच्या फाटकातूनच दिसलं. काकांच्या हॉलची खिडकी भर दिवसाही पांढरीफटक पेटलेली. वर जाऊन दार उघडलं तर मच्छरदाणीचे तुकडे खुर्चीवर घडी घालून ठेवलेले. आदल्या दुपारी निघताना काका दिवा बंद करायलाच विसरले होते. काल दुपारपासून ते रखरखीत ऊन टाकीवर ओतलं जात होतं.

काका धावले नाहीत. सावकाश चालत गेले आणि बटण बंद केलं. मंडळींची बोटं आत गेली होती, रंग उडून पांढरी पडली होती. त्यातली निम्मी पुढे हळूहळू सावरली, बाकीची गेली. त्या वेळी मात्र सगळीच मेल्यासारखी दिसत होती.

"माझ्यामुळे झालं हे," मी म्हणाले.

"छ्या. माझ्यामुळे." ते टाकीसमोर बसले. म्हणाले, "तुला काल राग आला माझा."

"पातेलं घालणार होते तुमच्या डोक्यात."

"घालायचंस." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "ही गेली तेव्हा मी महाडच्या एक्स्चेंजमध्ये होतो. फोन आला, मीच उचलला. पलीकडचा म्हणाला, सुर्वे, तुमच्या मिसेस वारल्या, लगेच निघा. आणि ठेवून दिला. त्याचं चुकलं नाही. बूथवरून बोलत असणार, मीटर पळत असणार. पण कोण होता तेच मला कळलं नाही. गावातली सगळी कनेक्शनं माझ्या हाताखाली, आणि मला उलटा फोन लावायला नंबर नाही. नुसता फोन हातात धरून हॅलो हॅलो करत राहिलो. ओरडायला समोर माणूस लागतो गो. म्हणून काल दारातून बोललो नाही. आत येऊन बसलो."

मी स्टूल ओढलं आणि त्यांच्या शेजारी बसले. टाकीतला पंप तेवढा गुरगुरत होता. पांढऱ्या पडलेल्या मंडळींकडे आम्ही दोघं बघत राहिलो.

मग काकांनी चष्मा घातला आणि विचारलं, "मंदार भाकरी खातो की चपाती? डबा न्यायचाय ना."