आत कोण हाय?

खालापूरच्या टोलनाक्यावर गाडी आली, काचेवरची पट्टी वाचून यंत्र टूंकन वाजलं, दांडा वर गेला, आणि माझ्या शेजारी बसलेला भिकूमामा ओरडला, "थांब!"

मी ब्रेक दाबला. मामानं काच खाली केली, अर्धं अंग बाहेर काढलं आणि त्या दांड्याला विचारलं, "आत कोण हाय?"

दांडा काही बोलला नाही. मागच्या ट्रकवाल्यानं मात्र आमच्या सात पिढ्यांची चौकशी सुरू केली. शेवटी केबिनमधून एक पेंगुळलेला माणूस डोकावला. "काय झालं, काका?"

"काय नाय. जय भीम! बरं चाललंय ना?" मामाचा चेहरा खुलला. "हाय रं भाच्या, माणूस हाय. चल आता."

भिकूमामा हा माझ्या आईचा धाकटा भाऊ. राहणार कर्जत, पण एका जागी राहिलेला मी त्याला कधी पाहिला नाही. पेपर वाचताना येरझारा घालतो, जेवता जेवता तीनदा दारात जाऊन येतो. आमच्या घरातल्या प्रत्येक ग्रुप फोटोत तो हललेला आहे. त्याचं म्हणणं एकच: प्रत्येक यंत्र दोन माणसांच्या मधला एक माणूस काढून टाकतं, आणि मग त्या दोघांना वाटतं, आपण जवळ आलो. "तपासून बघावं, मग मानावं, हे आपल्या घरातच शिकवलंय," असं म्हणत मामा तो काढलेला माणूस शोधत हिंडत असतो.

बाजारात मोबाईलवरून पैसे दिल्यावर भाजीवालीच्या बोलक्या डब्यानं ते मिळाल्याचं जाहीर केलं, तरी मामा डब्याकडे ढुंकून बघत नाही. "त्यो म्हणतोय. तू म्हण."

"मिळालं रं बाबा, मिळालं! जा आता," असं भाजीवाली म्हणाली की मगच पिशवी उचलतो.

एकदा खोपोलीहून येताना माझ्या मोबाईलच्या नकाशातल्या बाईनं आम्हाला एका भाताच्या खाचराशी नेऊन उभं केलं आणि 'तुम्ही पोहोचला आहात' म्हणून सांगितलं. मामा आनंदानं खाली उतरला. बांधावरच्या एका माणसाला रस्ता विचारला. त्यानं आत्मविश्वासानं आम्हाला म्हशींच्या गोठ्यात पाठवलं.

"तुझाही माणूस चुकलाच की," मी म्हटलं.

"चुकला. पण परत आलो तवा कसा तोंड लपवत होता, बघितलंस? तुज्या बाईला लाज वाटली का?"

मी बाईकडे पाहिलं. ती शांतपणे म्हणत होती, 'यू-टर्न घ्या.'

अशा माणसाचा भाचा काय करत असावा? मी ज्या कंपनीत आहे, तिथं फोन करणाऱ्याशी माणसाऐवजी यंत्राला बोलायला शिकवतात. 'मराठीसाठी एक दाबा' म्हणून तुम्ही एक दाबता, दोन दाबता आणि शेवटी फोन आपटता, त्या फोन आपटण्यात माझा खारीचा वाटा आहे. मामा चारचौघांत माझी ओळख करून देतो, "ह्यो आमचा भाचा. ह्यो माणसं गाळतो." मी हसतो. घरी टीव्हीचा रिमोट मला माझी मुलगी चालवून देते, हे त्याला अजून माहीत नाही.

मामाला हे खूळ लागलं ते नोकरीपायी. तो टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होता. त्या काळी कर्जतहून बाहेरगावी बोलायचं तर आधी मामाशी बोलावं लागे. कुणाकडची वाईट बातमी असली, तर फोन जोडून देण्याआधी तो पलीकडच्याला सांगे, "आधी खाली बसा. बसलात? आता बोला." हे कुठल्या नियमात नव्हतं. पुढे आपोआप फोन जोडणारं यंत्र आलं, मामाला बिलांच्या खिडकीत बसवलं, आणि लोक उभ्या उभ्या बातम्या ऐकायला लागले.

निवृत्तीनंतर ती जुनी नोकरी त्याला घरातच परत मिळाली. मामीचे कान गेले.

तेव्हापासून जगानं मामीला जे काही सांगायचं, ते मामाला सांगायचं, आणि मामानं ते बेंबीच्या देठापासून ओरडून तिच्यापर्यंत पोहोचवायचं. फक्त पोहोचवताना तो जरा हात फिरवी. माझी बायको एकदा दबकत म्हणाली, "मामी, भाजीत मीठ जरा जास्त झालंय."

मामा ओरडला, "भाजी लय आवडली म्हणते!"

मामीनं प्रेमानं आणखी वाढली. आम्ही रात्रभर पाणी पीत होतो.

पण मग मामीच्या बहिणीचा फोन आला. या उन्हाळ्यात काही यायला जमणार नाही, गुडघे फार दुखतात, असं ती म्हणाली. मामानं मामीच्या तोंडाकडे पाहिलं. ती त्याच्याकडे डोळे लावून उभी होती. मामा ओरडला, "येतेय म्हणते!"

मामीनं पापड्या तळल्या, नवी चादर अंथरली आणि दारात बसली. एकेक बस येऊन गेली. संध्याकाळी मामाला खरं सांगावं लागलं. तेही ओरडूनच, त्यामुळे सगळ्या आळीला कळलं.

मामी भांडली नाही. मी दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा एवढंच म्हणाली, "भाच्या, ते कानातलं मशिन असतं ना, ते मला पायजे. वाईट असलं तरी मला माज्या कानानं ऐकायचंय."

त्या आठवड्यात मामानं कर्जत पायाखाली घातलं. स्टेशन, बाजार, परत स्टेशन. घरी आला की हात हवेत उडवी. "मशिन सगळं सारखंच ऐकवतं गं! भांडं पडलं तरी तेवढंच, माणूस बोललं तरी तेवढंच! काय आत सोडायचं नि काय बाहेर ठेवायचं, ते कोण ठरवणार?"

त्या तावातावात मामीला शब्द काही कळले नाहीत. तिनं मला विचारलं, "काय म्हणतात?"

"मशिन आणायला चला म्हणतोय!" मी ओरडलो.

म्हणजे मीही हात फिरवला. विचार करायला क्षणभरही लागला नाही.

दवाखान्यात मशिनवाल्या मॅडमनी ते एवढंसं यंत्र मामीच्या कानात बसवलं. मामी दचकून वर बघायला लागली. "पंखा एवडा वाजतो?"

मॅडम हसल्या. "काका, आता तुम्ही काहीतरी बोला."

मामानं सवयीनं छाती भरून घेतली. "ऐकू येतं का गं!"

मामी स्टुलावरून उडालीच. मॅडमनी कपाळाला हात लावला. "हळू, काका. आपण बोलतो ना, तसं."

मामानं माझ्याकडे पाहिलं. "काय सांगू? कोण काय म्हणालं?"

कुणी काही म्हणालेलं नव्हतं.

"तुमचं बोला ना," मॅडम म्हणाल्या.

मामा दारापाशी गेला, खिडकीपाशी गेला, परत आला. तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की इतकी वर्षं हा माणूस बायकोशी जे बोलला, ते सगळं आळीला ऐकू जाईल असं बोलला. जे ओरडून सांगता येत नाही, ते सगळं राहूनच गेलं असणार.

तो तिच्या कानाशी वाकला. मग जो आवाज निघाला, तो मी कधी ऐकला नव्हता. बारीक होता, घोगरा होता, आणि वापर नसल्यासारखा अडकत होता.

"मला वाटलं, ह्ये मशिन आलं की तू मला काय इचारणारच नाय."



"किती म्हातारा झाला ओ तुमचा आवाज," मामी म्हणाली. मग तिनं स्टूल जरा पुढं ओढलं. "बोला अजून. असंच हळू."